गॅलरीत बसून निवडलेली चाकं

संध्याकाळी दिवे लावायच्या आधीचा जो थोडा वेळ असतो, त्या वेळात आमच्या खांदेश्वरच्या घराच्या गॅलरीत बसून माझ्या नवऱ्यानं एक अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गाडीची चाकं निवडली. विकत एकही घेतलं नाही. मोबाईल चेहऱ्याच्या जरा उजव्या अंगाला धरायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि एकेक चाक मोठं करून बघायचं. काळी, चांदीच्या रंगाची, पाच दांड्यांची, जाळीची. मी शेजारी मेथी निवडत बसलेली असायचे. माझी मेथी संपायची, यांची चाकं संपायची नाहीत.

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी," मी म्हणायचे.

"मारतोय कोण तुला?" हे म्हणायचे. "नुसतं बघतोय."

बघण्याचाच तर प्रश्न होता. आदल्या दिवाळीच्या सुमारास एका सकाळी हे दाढी करून बाहेर आले, तर अर्धा गाल तसाच, फेसासकट. मी हसले. हेही हसले, पण कशाला ते यांना कळलं नाही. मग यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप यांना सापडेना, तेव्हा माझं हसू गेलं. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या मागच्या भागात, जिथं बघण्याचं काम चालतं, तिथं रक्ताची गाठ अडकली होती. हात-पाय शाबूत, जीभ शाबूत, डोळेही ठणठणीत. फक्त समोर जे जे असेल त्याचा डावा अर्धा भाग यांच्यासाठी नाहीसा झाला. काळोख दिसतो असंही नाही. तिथं काही आहे हेच कळत नाही. कधीकधी पहिल्या काही महिन्यांत थोडंफार परत येतं, उन्हाळ्यात तपासणी करू, तोवर गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. यांनी बाकी सगळं मुकाट्यानं ऐकलं. गाडीचं ऐकल्यावर मात्र माझ्याकडे बघितलं, जणू मीच बंदी घातली होती.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. स्टेशन वॅगन. छप्पर मध्येच न संपता सरळ पार मागच्या दारापर्यंत गेलेलं, मागे एक खाट मावेल एवढी जागा, आणि पुढे शर्यतीच्या गाडीत शोभेल असं टर्बोचं इंजिन. दिसायला गरीब गाय, पण पाय दाबला की मानेला हिसका. परदेशी निघालेल्या कुणाकडून यांनी ती घेतली तेव्हा आमच्या वॉचमननं पहिला प्रश्न विचारला होता, "साहेब, ॲम्ब्युलन्स कुणासाठी?" आपल्याकडे अशा गाड्या कुणी घेत नाही. हे तळोज्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, दिवसभर पंप आणि व्हॉल्व्ह. पण मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या बाजूचे. गावाहून निघताना गाडीत पोतं पडलं नाही तर ते येणं मोजतच नाहीत तिकडे. "पोतं बी मावलं पायजे आणि घाट बी मजेत चढला पायजे," हे यांचं गाडीचं तत्त्वज्ञान. मला ते मनापासून पटलं होतं, हे यांना मी कधी कळू दिलं नाही.

आजारपणानंतर यांनी नोकरी सोडली. मी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून, माझं चालूच राहिलं. पूर्वी मी आमची छोटी गाडी चालवत असे, त्यामुळे दवाखाना, भाजी, कधी एखादं लग्न एवढ्यापुरती वॅगनची किल्ली माझ्याकडे आली. आली म्हणजे मी ती खुंटीवरून घ्यायचे आणि पुन्हा खुंटीवर लावायचे. गाडी यांचीच.

मुलगी पुण्याला. तिचं म्हणणं सरळ होतं आणि तिचं काही चुकत होतं असंही नाही. "आई, बाबा चालवणार नाहीत. तू चालवताना जीव मुठीत धरतेस. मग ती एवढी लांबलचक गाडी पार्किंगमध्ये कशाला? विकून टाका, बाबांना रोज ती बघून त्रासच होतो." मी म्हणाले, तपासणी होऊ दे. यांनाही तेच म्हणाले. नजर परत आली तर गाडी राहील आणि नवी चाकंही येतील. नाही आली, तर मग बघू. पण त्या 'बघू'चा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. गाडी गेली की हे गॅलरीतल्या खुर्चीतून उठणार नाहीत, या भीतीनं मी रोज कचेरीतून धावत घरी येत होते.

तर चाकं. कंपनीनं दिलेली अठरा इंचांची होती. यांना एकोणीस हवी होती. चाक मोठं, म्हणजे भोवतीचं रबर पातळ, म्हणजे गाडी वळणावर कशी चिकटून जाते वगैरे. मी विचारलं, मोठं हवं तर मोठं घ्या, त्यात महिनोन्‌महिने काय बघायचंय? झालं. तिथून ऑफसेट सुरू झाला.

"चाकाच्या रुंदीचा मधोमध धर," हे म्हणाले. "आता चाक जिथं बोल्टनं गाडीला बसतं, ती जागा त्या मध्यापासून किती सरकलेली आहे, तो ऑफसेट. आकडा मोठा, तर चाक मडगार्डच्या आत जातं. आकडा लहान, तर बाहेर डोकावतं."

मी दोनदा ऐकलं आणि मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणजे डोक्यावरचा पदर," मी म्हणाले. "सासूबाई असताना कपाळापर्यंत पुढे, त्या देवळात गेल्या की मागे."

हे इतके हसले की खालून कुणीतरी वर बघितलं. त्यानंतर आमच्या घरात ऑफसेटला पदर हाच शब्द रुळला. "आज पदर जरा मागे घेऊ," म्हणजे आकडा कमी, चाक बाहेर. कंपनीचा ऑफसेट एक्कावन्न, म्हणजे सोज्वळ. यांना हवा होता पस्तीसच्या आसपास, त्यातून रुंदीही एक इंच जास्त. दोन्ही धरून चाक जवळजवळ तीन सेंटीमीटर बाहेर. "मडगार्डच्या काठाशी अगदी बरोबर," हे म्हणायचे आणि हवेत हाताची उभी रेघ ओढायचे. नाकापेक्षा मोती जड, मी म्हणायचे. पण म्हणताना मला त्या रेघेचं सुख दिसायचं.

मग अंधार उतरायला लागला की हे मोबाईल उलटा ठेवायचे आणि आम्ही निघायचो. कुठं जायचं नाही, खुर्च्या तिथंच. "आज एकोणीस, पदर मागे," असं म्हणून हे गाडी काढायचे, तोंडानं. कळंबोली मागे पडली. आता एक्सप्रेस वे. काँक्रीटचा रस्ता, त्यामुळे चाकांचा आवाज येतोय, ऐकलास? पातळ रबर आहे ना. बोगदा आला. दिवे एकामागून एक काचेवरून मागे जातायत. मी डोळे मिटून घ्यायचे. समोर खरा रस्ता होता, त्यावर रिक्षा, पाणीपुरीवाला, क्लासला निघालेल्या मुली, पण मला खरंच बोगदा दिसायचा. पुण्याच्या बाहेरून वळसा. खंबाटकीचा घाट. "हे वळण मी तिसऱ्या गिअरला घेतो," हे सांगायचे आणि त्यांचा उजवा पाय चपलेत हलकेच दाबला जायचा. घाट उतरला की उसाचा वास. मग आमचं गाव, पारापाशी गाडी लावणं, आणि गावातल्या कुणीतरी चाकाला हात लावून "ही नवी घातली व्हय?" म्हणणं. तिथं ते थांबायचे. मी उठून दिवा लावायचे. रोज चाक वेगळं असायचं, म्हणून प्रवासही थोडा वेगळा व्हायचा. अठरा इंचांवर हे गुणगुणायचे. एकोणीसवर बोलायचेच कमी, एवढं लक्ष रस्त्यावर.

ते माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे प्रवास होते, असं आज लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. खऱ्या प्रवासात आम्ही निम्मा वेळ भांडत असू.

पण चाक बाहेर काढायचं तर जागा हवी. यांनी खाली पार्किंगमध्ये जाऊन मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोटं घालून बघितली. वर येऊन जाहीर केलं, "तीन बोटं. आरामात."

"गाडी रिकामी होती ना?" मी विचारलं.

"मग? भरून ठेवू का?"

"अहो, आपली गाडी रिकामी धावलीय कधी?"

यांनी कपाळावर हात मारला. घाटावरच्या माणसानं गाडीचं माप रिकाम्या गाडीवर घ्यावं, ही चूक फक्त मुंबईत राहून राहून होऊ शकते. तिकडे गाडी परत निघते तेव्हा आत ज्वारी असते, कांदे असतात, गुळाची ढेप असते आणि "कोपऱ्यात बसतो की" म्हणणारा एक मावसभाऊ असतो. मागची गाडी टेकते जमिनीला.

मग कणकेचा प्रयोग ठरला. यांनी कुठंतरी वाचलं होतं की मडगार्डच्या आतल्या कडेला मऊ मातीचा गोळा चिकटवायचा, भरलेली गाडी गतिरोधकावरून न्यायची, टायर वर येऊन गोळा दाबतो, आणि उरलेली जाडी म्हणजे तुमच्या हातात असलेली जागा. माती कुठून आणायची? मी कणीक भिजवली, पुरीला भिजवतो त्याहून घट्ट. चार गोळे केले. यांनी खाली वाकून चारही चाकांच्या वर ते लावले, अगदी मन लावून, बोटानं डावा काठ चाचपत.

वजनही आपोआप मिळालं. आमच्या सोसायटीचं बायकांचं भजनी मंडळ आहे, निम्म्या साताऱ्या-सांगलीच्या, एकदोघी शेजारच्या गावातल्या आगरी. त्या दिवशी कामोठ्याच्या देवळात त्यांची भजनाची बारी होती. मी म्हणाले, चला, मी सोडते. मागे तिघी बसल्या. डिकीत पेटी, मृदंग, टाळांची पिशवी, आणि वर यांनी गावाहून आलेलं तांदळाचं पोतं टाकलं.

"गारी जाम मोठी हाय गो बाय," आगरी मावशी आत शिरत म्हणाल्या. "पन तांदूल कोनाला? देवलान देताव?"

"नाय मावशी, टेस्टिंगला," हे म्हणाले.

"तांदूल टेस्ट कराला कामोठ्याला कशाला न्याला पायजे? घरा शिजव की!"

गाडी खरंच टेकली होती. मी हळूहळू चालवत होते आणि हे पुढे डावीकडच्या सीटवर बसून प्रत्येक गतिरोधकाला "घे, घे, जरा जोरात घे" असं म्हणत होते. मागे तिघी उडाल्या की टाळ वाजायचे. मग कुणीतरी अभंगच सुरू केला. संध्याकाळचं ऊन काचेतून तिरपं येत होतं, आणि एका सिग्नलला मी डावीकडे वळून बघितलं तर हे माझ्याकडे बघत होते. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. डावीकडच्या सीटवर बसल्यावर यांना खिडकी दिसत नाही, फुटपाथ दिसत नाही. जे अर्धं उरलंय त्यात मी आणि स्टिअरिंग. एवढ्यात सिग्नल सुटला आणि पुढच्या खड्ड्यात चाक गेलं, स्टिअरिंगनं असा हिसका दिला की माझ्या उजव्या खांद्यातून कळ गेली. तो खांदा वर्षभर आखडलेला होता. मी ओठ चावला आणि गिअर बदलला. कुणाला दिसलं नसेल असं मला वाटलं.

परत आल्यावर यांनी गोळे काढून ताटलीत आणले. तीन होते. मागच्या उजव्या चाकाचा चपटा झालेला, एका बोटाचीही जाडी उरली नव्हती.

"एकोणीस गेलं," हे म्हणाले. फार दुःख नाही झालं. लगेच अठरा आणि चाळीसचा ऑफसेट असं काहीतरी सुरू झालं.

"चौथा गोळा?"

"पडला असेल वाटेत. मी सगळीकडे बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं इंटरकॉमवर सांगितलं, "वहिनी, तुमच्या गाडीचं चाक कुत्रा चाटतोय. आमी हाकलला तरी परत येतोय." मी तशीच खाली गेले. डावीकडचं मागचं चाक. गोळा पडला नव्हता. जिथं लावला होता तिथंच होता, चांगला तळहाताएवढा पसरलेला, पांढरा स्वच्छ, लांबून दिसेल असा. कुत्र्याला दिसला होता. मी तो नखांनी खरवडून काढला, नळावर हात धुतले आणि तिथंच पार्किंगच्या खांबाला टेकून रडले. सहा महिने मी देवाला जे मागत होते त्याचं उत्तर माझ्या नखांत अडकलं होतं. वर गेले तेव्हा यांनी विचारलं, काय होतं? मी म्हणाले, कुणीतरी पोळी टाकली होती.

तपासणी मे महिन्यात झाली. एका अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कडेला कुठंही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला दाराशी स्टूल दिलं होतं. यंत्राच्या आतलं मला दिसत नव्हतं, नुसता बटणाचा आवाज येत होता. टक. टक, टक. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक. त्या मधल्या शांततेत डावीकडे दिवे लागत होते आणि विझत होते, एवढं मला कळत होतं. प्रत्येक वेळी माझा अंगठा माझ्याच पर्सच्या बक्कलवर दाबला जात होता. आयुष्यात मी कधी कुणाला कॉपी पुरवली नाही, पण त्या दिवशी जमलं असतं तर मी यांच्या जागी सगळी बटणं दाबली असती.

डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या मुलीच्याच वयाची. तिनं गोल गोल न बोलता सांगितलं की डावी बाजू आली नाही, आणि आता येईल असं ती म्हणणार नाही. वाचन, चालणं, सगळं चालू ठेवा, मान वळवून बघायची सवय करा. "गाडी मात्र नको काका. आता कायमचीच नको."

"बरं," हे म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी मुलीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तर हे म्हणाले, "तुर्भ्याला घे."

"तुर्भ्याला काय?"

"चाकांचं दुकान."

माझं डोकंच फिरलं. "आता? आता कशाला? काय चाललंय तुमचं? त्या पोरीनं आत्ता काय सांगितलं ते ऐकलंत ना?" मी ओरडले. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली. "सहा महिने मी ती नाटकं चालवून घेतली, तुमचे बोगदे आणि तुमचे घाट, कारण मला वाटत होतं की…"

हे थांबले, माझं होऊ दिलं. "तपासणीनंतर चाकं, असं ठरलं होतं ना आपलं?" ते म्हणाले. "झाली तपासणी."

मी गाडी काढली ती रागातच. पामबीच रस्त्यावर सगळी खाडी उन्हात चकाकत होती, मी एकदाही तिकडे बघितलं नाही.

दुकानात भिंतभर चाकं टांगलेली. मालक पन्नाशीतला, गळ्यात साखळी, तोंडात गोड बोली. यांनी फोनवर महिनाभर ज्याची चौकशी केली होती ते अठरा इंची, बशीसारखं खोलगट, बाहेर झुकणारं चाक त्यानं काढूनच ठेवलं होतं. "सर, हेच ना? एकदम कातिल बसेल. टेन्शनच नाय."

यांनी त्यावरून हात फिरवला. काठावरून, आतल्या दांड्यांवरून, मधल्या भोकापर्यंत. खूप सावकाश. मग हात खिशात घातला.

"सतरा दाखवा," ते म्हणाले. "सडपातळ. हलकं. ऑफसेट कंपनीच्या जवळचा, पन्नास. आणि टायर जाड रबराचा."

मालकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सर, अख्खी दुनिया अठराचं एकोणीस करते. तुमी अठराचं सतरा करणार? एवढ्या पॉवरच्या गाडीला? गाडी एकदम फॅमिली दिसेल."

"दिसू दे."

मालकानं आतून एक चाक आणलं. चांदीच्या रंगाचं, साधं, गॅलरीतल्या मोबाईलवर ज्याला आम्ही कधी थांबून बघितलंच नसतं असं. हे माझ्याकडे वळले. "उचलून बघ."

"मी?"

"हो. दोन्ही हातांनी, गुडघ्यापर्यंत. खांद्याला लागतंय का सांग."

मी उचललं. नवल वाटावं इतकं हलकं होतं. खांद्याला लागलं नाही. मी ते धरून तशीच उभी राहिले, कारण खाली ठेवलं असतं तर दुकानातच रडले असते.

"बाहेर आलेलं चाक खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका देतं," हे मालकाला सांगत होते, माझ्याकडे न बघता. "आत असलं की हाताला शांत राहतं. आणि रबर जाड असलं की खड्डा हातापर्यंत येत नाही. कामोठ्याला जाताना यांच्या खांद्यातून कळ गेली होती. मी बघितलं होतं."

इतके महिने मला वाटत होतं की हे गॅलरीत बसून स्वतःसाठी चाकं बघतायत. सुरुवातीला बघत असतीलही. पण हिशेब केव्हा बदलला, कुठल्या संध्याकाळी, ते यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला एवढंच कळलं की निकाल यांना माझ्याआधी माहीत होता, आणि गाडी विकायची नाही हे यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. मला यांचा राग आला, आणि तितकीच मायाही आली.

चाकं चढेपर्यंत आम्ही बाकावर बसून उसाचा रस प्यायलो. जुनी चाकं उतरताना हे बघत होते, नवी लागताना बघत होते, प्रत्येक चाकाला उठून जवळ जात होते, मान पूर्ण डावीकडे वळवून. काम झालं तसं मालकानं फडक्यानं बॉनेट पुसलं, आणि अशा वेळी जे सगळेच करतात तेच केलं, किल्ली यांच्या हातात दिली. "घ्या सर. एक चक्कर मारून बघा, मग बोला."

यांनी किल्ली घेतली. मुठीत धरली. दुकानासमोरून ट्रक चालले होते, त्यांच्या आवाजात मला माझाच श्वास ऐकू येईना.

"चक्कर त्या मारतील," हे म्हणाले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "गाडी त्यांची आहे."

मी दार उघडून आत बसले. यांच्या आजारपणापासून मी ती सीट हलवली नव्हती. यांची उंची माझ्याहून बरीच जास्त. मी पाठीमागे उशी घेऊन, पाय ताणून चालवायचे, आणि घरी आल्यावर आरसे पुन्हा यांच्या उंचीला फिरवून ठेवायचे, म्हणजे हे कधी बसले तर सगळं जिथल्या तिथं असावं. ते यांना माहीत नसेल असं मी धरून चालले होते. मी उशी काढून मागच्या सीटवर टाकली. खालचा दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली, दोनदा, तीनदा, माझे पाय नीट पोचेपर्यंत.

तोवर हे गाडीला वळसा घालून, बॉनेटवर हात टेकवत, पलीकडच्या दारानं आत येऊन बसले होते. त्यांनी पट्टा लावला.

"आरसे पण लावून घे," ते म्हणाले.